हृदयाच्या धमन्या आणि ‘इम्युनिटी’: रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं?

वाचकांच्या पत्रांत अलीकडे एक नवा गोंधळ दिसतो. पूर्वी विचारणा असायची ती तेलाची, तुपाची आणि कोलेस्टेरॉलची. आता विचारतात, ‘एचएस-सीआरपी वाढलाय, म्हणजे हार्ट अटॅक येणार का?’ ‘भावाचं कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं, तरी अटॅक आला, मग मी गोळ्या कशाला घेऊ?’ आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न: ‘ब्लॉकेज हा इम्युनिटीशी जोडलेला आजार आहे असं ऐकलं. मग इम्युनिटीचा काढा चालू ठेवू की बंद करू?’

धमनीच्या आजारात आपल्याच पांढऱ्या पेशींचा हात असतो, हे खरं आहे. पण ते ऐकलं की कुणी इम्युनिटी वाढवायला निघतं, तर कुणी दाबायला. दोन्ही उद्योग आपल्या मनाने करू नका. या पेशी बोलावणं आल्याशिवाय धमनीच्या भिंतीत शिरत नाहीत. बोलावणं धाडणारी कारणं कमी करणं हे तुमचं काम आहे. पेशींना औषधाने थेट आवरणं हे मोजक्या रुग्णांपुरतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचं काम आहे. पुढचं सगळं या दोन कामांबद्दल.

आधी एवढं समजून घ्या

धमनीचं आतलं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं. रक्तातले एलडीएलचे कण, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, या अस्तराखाली अडकतात आणि तिथे त्यांच्यात रासायनिक बदल होतो. मग अस्तरावर चिकट रेणू उगवतात. रक्तातून जाणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना चिकटून आत शिरतात, तिथे त्यांच्या मॅक्रोफेज पेशी होतात आणि बदललेलं एलडीएल गिळत सुटतात. चरबीने फुगून त्या तिथेच मरतात. मेलेल्या पेशींचा आणि चरबीचा लगदा साचतो, टी-पेशी येऊन दाह धुमसत ठेवतात, आणि शरीर या सगळ्यावर तंतूंचं एक झाकण घालतं. मॅक्रोफेजनी सोडलेले विकर हे झाकण आतून पातळ करत राहतात. ते फाटलं की रक्त आतल्या लगद्याला लागतं आणि काही मिनिटांत गुठळी होते. हृदयाच्या धमनीत झालं तर हार्ट अटॅक, मेंदूच्या धमनीत झालं तर पक्षाघात.

तेव्हा ‘पाइपात कचरा अडकलाय’ हे चित्र डोक्यातून काढा; हा प्रकार पिकणाऱ्या गळवाच्या जवळचा आहे. रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच धमनीच्या भिंतीतल्या दाहाकडे बोट दाखवलं होतं. रसेल रॉस यांनी १९९९ मध्ये धमनीकाठिण्य हा दाहाचा आजार आहे, असं स्पष्ट शब्दांत मांडलं. निर्णय घेताना याचे तीन अर्थ होतात:

- स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली म्हणजे सगळं ठीक, असं नाही. ती चाचणी अरुंद झालेली जागा पकडते, पिकत आलेली जागा नाही. फाटणारा प्लाक, म्हणजे तो लगदा आणि त्यावरचं झाकण, बऱ्याचदा फार मोठा नसतो. काल ट्रेडमिलवर पास झालेल्या माणसाला आज अटॅक येतो तो असा.
- स्टेंट एका जागेवर बसतो, दाह सगळ्या धमन्यांत असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते. स्थिर आजार असलेल्यांत औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतल्या दुखण्याला मात्र आराम मिळाला. अटॅक येत असताना, डाव्या मुख्य धमनीत अडथळा असताना किंवा हृदय कमजोर झालेलं असताना हिशेब वेगळा असतो. तिथे हे वाक्य डॉक्टरांना ऐकवत बसू नका.
- स्टेंट बसला म्हणून गोळ्या संपत नाहीत. उलट तेव्हाच त्यांची खरी गरज असते.

‘नॉर्मल’ कोलेस्टेरॉल कुणाचं?

लॅबच्या कागदावर उजवीकडे छापलेली रेंज सगळ्यांसाठी एकच असते. तुमचं लक्ष्य तुमच्या धोक्यावरून ठरतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेली एलडीएलची लक्ष्यं डायरीत लिहून ठेवा (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये):

- इतर काही धोका नसलेल्यांसाठी १०० च्या खाली
- मधुमेह, रक्तदाब यांसारख्या कारणांनी धोका जास्त असलेल्यांसाठी ७० च्या खाली
- अटॅक, पक्षाघात किंवा पायाच्या धमन्यांचा आजार होऊन गेलेल्यांसाठी ५५ च्या खाली

म्हणजे स्टेंट बसलेल्या माणसाचं एलडीएल ९५ आलं, तर लॅब त्यापुढे लाल खूण करणार नाही, पण त्याच्यासाठी ते नॉर्मल नाही. भावाच्या अटॅकचं कोडं पुष्कळदा इथेच सुटतं. उरलेलं कोडं आणखी एका तपासणीत दडलेलं असू शकतं: लायपोप्रोटीन-ए. हा कण जन्मजात जनुकांनी ठरतो, पथ्याने फारसा हलत नाही आणि दाह चेतवणारी स्निग्ध द्रव्यं स्वतःबरोबर घेऊन फिरतो. आयुष्यात एकदा तपासला की पुरे. ५० मिलिग्रॅमच्या वर आला तर बाकीच्या धोक्यांबाबत जास्त कडक राहायचं, आणि सख्ख्या भावंडांना व मुलांनाही तपासायला सांगायचं. आपल्याकडे घरात तरुणपणी कुणाला अटॅक आला की ‘टेन्शनमुळे’ म्हणून विषय मिटवतात. त्याऐवजी ही एक तपासणी करून घ्या.

साध्या लिपिड प्रोफाइलला पहिल्यांदा उपाशीपोटीच जायला हवं असं नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं निघालं तर मग उपाशीपोटी परत करतात.

एचएस-सीआरपीचा कागद कसा वाचायचा

यावर जरा थांबू या, कारण सर्वाधिक घबराट या एका आकड्याने होते.

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही दाह असला की पांढऱ्या पेशींकडून यकृताला निरोप जातो आणि ते वाढतं. म्हणजे सीआरपी धमनीतून येत नाही आणि कुठल्या जागी काय चाललंय तेही सांगत नाही. समजा, तुमच्या रिपोर्टवर ‘०.६’ आलं आहे आणि शेजाऱ्याच्या रिपोर्टवर ‘४’. शेजारी घाबरला आहे, तुम्ही निश्चिंत आहात. कदाचित उलटं असायला हवं होतं. आधी हे पाहा:

१. तपासणीचं नाव. साधा सीआरपी तापाच्या, जंतुसंसर्गाच्या तपासासाठी असतो. हृदयाच्या धोक्यासाठी लागतो तो ‘एचएस’, म्हणजे बारीक प्रमाण मोजणारा. पॅकेजमध्ये पुष्कळदा साधाच करून दिलेला असतो.

२. एकक. मिलिग्रॅम प्रति लिटर की प्रति डेसिलिटर? दोन्हींत दहापटीचा फरक. ०.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ६ प्रति लिटर. शेजाऱ्याच्या ४ पेक्षा जास्त!

३. रक्त दिलं त्या आठवड्यात तब्येत कशी होती? सर्दी-खोकला, दाढेची ठणक, पायाची चिघळलेली जखम, लघवीची जळजळ, नुकतीच घेतलेली लस, यातलं काहीही आकडा वाढवतं. पोटाचा घेर, तंबाखू आणि काही स्त्रियांच्या बाबतीत तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्याही वाढवतात.

प्रति लिटर १ च्या खाली असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर हृदयाचा विचार बाजूला ठेवा. आधी संसर्ग किंवा दुसरा आजार शोधायचा आणि बरं वाटल्यावर पुन्हा मोजायचा. एकाच आकड्यावर कुठलाही निर्णय नको. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजणं हीच रीत.

आता खरा प्रश्न: ही तपासणी करावी का? ती सर्वांचीच करावी असं म्हणणारे तज्ज्ञ आता वाढत आहेत. माझी कसोटी साधी आहे. आकडा काहीही आला तरी तुमचे उपचार तेच राहणार असतील, तर ते पैसे वाचवा. दोन ठिकाणी मात्र ती उपयोगी पडते. एक, स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारी गोळी, सुरू करावं की नाही या उंबरठ्यावर तुम्ही उभे असाल तेव्हा. २००८ च्या ‘ज्युपिटर’ अभ्यासात एलडीएल १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेल्या १७,८०२ लोकांना रोसुव्हास्टॅटिन किंवा नकली गोळी दिली होती. औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. दोन, अटॅक येऊन गेला आहे, एलडीएल लक्ष्याला पोचलं आहे आणि तरी काही धुमसत तर नाही ना, हे डॉक्टरांना पाहायचं असेल तेव्हा.

दर महिन्याला मोजून आलेख काढणारे वाचक आहेत. कृपा करून थांबवा. तसंच सीबीसीच्या रिपोर्टमधून न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटचं गुणोत्तर काढून मोबाइलवर ‘हार्ट रिस्क’ शोधू नका. त्यावरून कुणाचे उपचार ठरत नाहीत.

कॅल्शियम स्कोअरबद्दल (हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणाऱ्या सीटी स्कॅनबद्दल) थोडक्यात: चाळिशी ओलांडलेल्या, त्रास नसलेल्या आणि स्टॅटिनबद्दल दुविधेत असलेल्या माणसाला तो कामाचा आहे. स्टेंट झालेल्याला तो नको. आणि स्टॅटिन सुरू केल्यावर हा स्कोअर वाढू शकतो, कारण मऊ प्लाक कडक होत जातो. त्या वाढीला घाबरून गोळी बंद करू नका.

‘इम्युनिटी बूस्टर’चं काय?

धमनीत जे घडतं ते इम्युनिटी कमी पडल्याने नव्हे. तिथे पेशी कामाला लागलेल्याच असतात, आणि काम आटोपत नाही हा त्रास आहे. त्यांना आणखी चेव आणणारं काही घेतल्याने ब्लॉकेज विरघळेल, याला आधार नाही. घरचा आलं-तुळशीचा चहा प्या, हळद भाजीत घाला, कुणाची हरकत नाही. पण महिनोन् महिने घेतलेले अर्क आणि गोळ्या निराळ्या. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यात इम्युनिटीनेच यकृतावर हल्ला केल्यासारखं चित्र दिसत होतं. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वाद काही असो, तुम्ही स्टॅटिन घेत असाल आणि वर असं काही चालू असेल, तर डॉक्टरांना सांगा. नाहीतर उद्या यकृताचे आकडे वाढले की दोष स्टॅटिनवर येतो आणि कामाची गोळी बंद होते.

‘बिनशस्त्रक्रिया ब्लॉकेज साफ’ अशा जाहिरातीतल्या चिलेशनच्या सलाइनबद्दलही लोक विचारतात. अटॅक येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले: अटॅक, पक्षाघात, मृत्यू यांत फायदा दिसला नाही. त्या चाळीस सलाइनच्या पैशांत कित्येक वर्षांची स्टॅटिन येतात.

औषधं: कोणती, कुणाला

स्टॅटिन. बोलावणं धाडणारं एलडीएल कमी करणं हा या औषधांचा मुख्य गुण. शिवाय दाहही उतरतो आणि झाकण जाड होतं. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरलं की मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. साखर थोडी वाढू शकते, पण तेवढ्यासाठी मधुमेह्याने गोळी सोडणं तोट्याचं. अंगदुखीची तक्रार फार येते. ‘सॅमसन’ नावाच्या अभ्यासात त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या लोकांना आळीपाळीने खरी गोळी, नकली गोळी आणि काहीच नाही असं दिलं. खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला, त्याच्या नव्वद टक्के त्रास नकली गोळीनेही झाला. तरीही तुमचं दुखणं खोटं, असं कुणी म्हणू नये. डोस बदलता येतो, गोळी बदलता येते, एझेटिमाइब हे एलडीएल उतरवणारं दुसरं औषध जोडता येतं. दुखणं तीव्र असेल आणि लघवी गडद, चहाच्या रंगाची होत असेल, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

कोल्चिसिन. ‘गाऊटची गोळी हृदयाला का दिली?’ असं विचारणारे वाचक आहेत, आणि विचारणं बरोबरच आहे. हे औषध पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावतं आणि दाहाचा एक महत्त्वाचा संदेश अडवतं. २०१९ च्या ‘कोल्कॉट’ अभ्यासात नुकताच अटॅक येऊन गेलेल्या ४,७४५ जणांत रोज ०.५ मिलिग्रॅमने घटना २३ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२० च्या ‘लोडोको-२’मध्ये जुना स्थिर आजार असलेल्या ५,५२२ जणांत ३१ टक्क्यांनी. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला हृदयासाठी मान्यता दिली. आणि मग २०२४ मध्ये ‘क्लिअर सिनर्जी’ आला: अटॅक आलेले ७,०६२ रुग्ण, फायदा शून्य. त्यामुळे डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. एका डॉक्टरांनी लिहून दिलं आणि दुसऱ्यांनी काढलं, तर दोघांपैकी एक चुकतोच आहे, असं समजू नका.

तुम्हाला ही गोळी सुचवली असेल तर सुरू करण्याआधी या गोष्टी सांगा किंवा विचारा:

- माझं क्रिएटिनिन किती आहे? मूत्रपिंड किंवा यकृत बरंच बिघडलेलं असेल तर ही गोळी नको.
- मी क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरची गोळी, सायक्लोस्पोरिन, व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम घेतो का? यांच्या संगतीने कोल्चिसिन रक्तात साचून विषारी होऊ शकतं. खोकल्यासाठी गल्लीतल्या दवाखान्यात अँटिबायोटिक लिहून घेताना ‘मी कोल्चिसिनवर आहे’ हे आठवणीने सांगा.
- जुलाब लागले तर काय करू? सुरुवातीला काहींना लागतात.

जाता जाता एक इशारा. पावसाळ्यात कोकणात आणि घाटात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. कोल्चिसिन तिच्या कंदात आणि बियांत असतं. ‘नैसर्गिक’ म्हणून कुणी तो कंद उगाळून द्यायला निघालं, तर तो घेणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

बाकी इम्युनिटी दाबणारी औषधं. ‘कँटॉस’ अभ्यासात (२०१७) १०,०६१ रुग्ण होते. कॅनाकिन्युमॅब या इंजेक्शनने एलडीएलला हात न लावता घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या, म्हणजे दाह हे खरंच कारण आहे हे सिद्ध झालं. पण जीवघेणे संसर्गही वाढले, आणि हृदयासाठी हे औषध पुढे वापरात आलं नाही. मेथोट्रेक्सेटचा तसाच प्रयोग ‘सर्ट’ अभ्यासात झाला. काहीच हाती लागलं नाही. म्हणून संधिवाताच्या शेजारणीची मेथोट्रेक्सेट किंवा स्टेरॉइडची गोळी ‘दाह कमी करते’ म्हणून हृदयासाठी घ्यायची नाही. हे लिहावं लागतं, कारण तसं करणारे आहेत.

आधीच दाहाचा आजार असेल तर

ऱ्हुमॅटॉइड संधिवात, सोरायसिस, ल्युपस यांत पांढऱ्या पेशी वर्षानुवर्षं चेतलेल्या असतात आणि धमन्यांनाही त्याची झळ बसते. ऱ्हुमॅटॉइड असेल तर हिशेबाने आलेला हृदयाचा धोका दीडपट धरावा, असं युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना सांगते. ल्युपसमध्ये तर तिशी-चाळिशीतल्या बायकांनाही अटॅक येतो. सांध्यांच्या डॉक्टरांना वाटतं हृदयाचं हृदयवाले पाहतील, आणि हृदयवाल्यांपुढे ती रुग्ण जातच नाही. तुम्हीच पुढाकार घ्या.

- वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, लिपिड प्रोफाइल. पण आजार भडकलेला असताना लिपिड फसवे कमी दिसतात. आटोक्यात असताना मोजा.
- संधिवात आटोक्यात ठेवणारं औषध नियमित घ्या. धमन्यांसाठीही तेच हिताचं आहे.
- डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब यांसारख्या वेदनाशामकांनी अटॅकचा धोका वाढतो. मेडिकलमधून स्वतः पट्टी आणून रोज खाऊ नका.
- संधिवातावरचं टोफासिटिनिब सुरू असेल, वय ५० च्या पुढे असेल आणि तंबाखू, बीपी, मधुमेह यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांशी पुन्हा बोला. अशा रुग्णांत त्या औषधाने हृदयाच्या घटना जास्त दिसल्या आहेत.
- गुडघ्यांवरच्या ज्या बिननावाच्या पुड्यांनी दोन दिवसांत चमत्कार होतो, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.

हल्ला थेट धमनीवर होतो तेव्हा

काही आजारांत कोलेस्टेरॉलचा संबंध नसतो. पांढऱ्या पेशी थेट धमनीच्या भिंतीवर उठतात. हे आजार विरळ आहेत, पण ओळखायला उशीर झाला की नुकसान भरून येत नाही.

टाकायासु. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासु यांनी १९०८ मध्ये नोंदवलेला हा आजार बहुधा चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो आणि आपल्याकडे अगदीच अपरिचित नाही. कपडे पिळताना, केस विंचरताना हात भरून येतो. मनगटाची नाडी लागत नाही. बारीक ताप, वजन उतरणं, तरुण वयात वाढलेला रक्तदाब. पुष्कळ जणींचं ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकवर भागवलं जातं. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर दोन्ही हातांचं बीपी मोजायला सांगा. वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा आला तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला दाखवा. इथे मात्र स्टेरॉइड आणि इम्युनिटी दाबणारी औषधंच उपचार आहेत, आणि ती मनाने सोडायची नसतात.

कावासाकी. पाच वर्षांच्या आतलं मूल, पाच दिवस न उतरणारा ताप, चिपडं न येता लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ, लालबुंद जीभ, अंगावर पुरळ, सुजलेले तळहात. बालरोगतज्ज्ञांना ‘कावासाकी असेल का?’ हे स्पष्ट विचारा. दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन मिळालं तर हृदयाच्या धमन्यांना फुगे येण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येतं.

पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, चावताना दुखणारा जबडा आणि अचानक अंधुक झालेली नजर असेल, तर उद्यापर्यंत थांबू नका. जायंट सेल आर्टरायटिसमध्ये डोळा कायमचा जाऊ शकतो.

बोलावणं कमी करायचे रोजचे उपाय

- तंबाखू. विडी-सिगारेट अस्तराला इजा करते आणि पांढऱ्या पेशी चेतवते. गुटखा आणि मिश्री ‘धुराविना’ म्हणून निरुपद्रवी नाहीत. मिश्री लावणाऱ्या आजी-आत्यांना डॉक्टर ‘सिगारेट ओढता का?’ विचारतात, त्या ‘नाही’ म्हणतात आणि कागदावर ‘तंबाखू: नाही’ अशी नोंद होते. ती तुम्ही दुरुस्त करा.
- फ्लूची लस. फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत अटॅकचा धोका साधारण सहापट होतो, असं कॅनडातल्या ऑन्टॅरिओतल्या रुग्णांवरून २०१८ मध्ये दिसलं. अटॅक येऊन गेलेल्यांना ही लस दिल्यावर मृत्यू कमी झाले, हेही २०२१ मध्ये दिसलं. दरवर्षी घ्या; आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली बरी.
- हिरड्या. रक्त येणाऱ्या हिरड्यांवर उपचार केले की सीआरपी उतरतो. त्याने अटॅक टळतात हे अजून सिद्ध नाही, पण दात तर वाचतात.
- पोट, झोप, चालणं. पोटातली चरबी स्वतःच दाहाचे संदेश सोडते. वजन पाच-सात टक्क्यांनी उतरलं तरी सीआरपी खाली येतो. यावर एवढं लिहिलं गेलंय की इथे पुरे.

पैसे आणि हक्क

- डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव, वाचता येईल असं लिहावं, अशी अपेक्षा करणं हा तुमचा हक्क आहे. अटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन जनऔषधी केंद्रांत स्वस्त मिळतात. रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घेण्याची सक्ती करता येत नाही.
- स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये ठरले होते; दर वेळोवेळी बदलतो. बिलात स्टेंटची किंमत, कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवायला सांगा, आणि खोक्यावरचं स्टिकर फाइलला लावून घ्या.
- तब्येत स्थिर असेल तर अँजिओग्राफीच्या टेबलावरच ‘आत्ताच स्टेंट टाकू का?’ या प्रश्नाला हो म्हणायची सक्ती नाही. सीडी घेऊन दुसरं मत घेता येतं. अटॅक चालू असेल तर वेळ घालवू नका. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर १०८ ला फोन करा आणि ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. रिक्षाने आधी ओळखीच्या दवाखान्यात जाण्यात मोलाचा वेळ जातो.
- महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यात अँजिओप्लास्टी आणि बायपास येतात. दाखल होताना योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवा. बिल भरून झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. गोव्यातल्या वाचकांनी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड जवळ ठेवावं.
- लेखी मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रं द्यायला डॉक्टर बांधील आहेत. टाळाटाळ झाली तर अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करा. सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा खुला आहे.